भाजीचे फर्मान
ताटातली भाजी संपविल्यावाचून उठावयाचे नाही, असे फर्मान फणसवाडीतील बिऱ्हाडांतून काढणाऱ्या मातापित्यांचा हेतू निःसंशय शुद्ध असला, तरी जबरदस्तीने रुची उत्पन्न होत नाही. अपरिचित पदार्थ नाकारणे हा बालस्वभावच असून, तोच पदार्थ आठ-दहा वेळा, आग्रहावाचून, चमचाभर वाढीत राहिल्यास विरोध बहुधा मावळतो, असा आहारसंशोधकांचा निष्कर्ष आहे. ऋषिपंचमीला हेच चिरंजीव अळू, माठ, सुरण आणि मक्याच्या कणसाचे तुकडे घातलेली ऋषीची भाजी, सारे घर तीच खात असल्यामुळे, विनातक्रार संपवितात. सबब ग्रँट रोडच्या भाजीगल्लीत मुलासच न्यावे, भेंडीचे टोक मोडून पारखण्याचा अधिकार त्याच्याकडे सोपवावा (भाजीवाला कुरकुरेल, कुरकुरू द्यावा), आणि भाजीच्या मोबदल्यात श्रीखंड देण्याचा, भाजीला शिक्षेचे स्वरूप आणणारा, सौदा तूर्त तहकूब ठेवावा.