राजीनाम्याची हिंमत कुणाच्या जोरावर?

लखनौमधून अयोध्येच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालं की चिनहट लागतं. ३० जून १८५७ रोजी इथेच उठाव केलेल्या सैनिकांनी हेन्री लॉरेन्सच्या फौजेला पळवून लावलं. ऊदादेवी पासी यांचे पती मक्का पासी याच लढाईत कामी आले, असं इथला पासी समाज अभिमानाने सांगतो. बाजारात मात्र चिनहटचं नाव आहे ते मातीमुळे. झिलई दिलेली लाल मातीची भांडी ही या गावाची ओळख. सरकारने इथे कुंभारकामाचं प्रशिक्षण आणि उत्पादन केंद्र काढलं होतं, ते केव्हाच बंद पडलं. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आणली, तेव्हा लखनौच्या वाट्याला चिकनकारी आणि जरी-जरदोजी आली. चिनहटची माती त्या यादीत नव्हती. आता इथल्या दुकानांतला बराच माल खुर्ज्याहून येतो.

मी मराठवाड्यातला. घरातला पहिला पदवीधर. चार वर्षांपासून चिनहटमध्ये भाड्याने राहतो आणि जवळच्या गोमतीनगरमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी राजीनामा दिला. त्यांना मातीकाम करायचं होतं. केक कापला गेला, टाळ्या झाल्या, साहेबांनी भाषणात ‘धाडस’ हा शब्द चारपाच वेळा वापरला. वडिलांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. शनिवार-रविवारी लोक पैसे भरून तिथे चाक फिरवायला जातात. बाई चांगल्या आहेत, कष्टाळू आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही.

पण माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे एका प्रजापती कुटुंबातल्या मुलाने त्याच सुमारास चाक सोडलं. तो आता मोटारसायकलवरून घरोघर जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याच्यासाठी कुणी केक कापला नाही. उलट मातीकामावर हळहळणारे लोक म्हणतात, ‘नवी पिढी परंपरा सोडते आहे, कला मरते आहे.’

माती तीच, चाक तेच. एकीने नोकरी सोडून माती धरली, ते धाडस ठरलं. दुसऱ्याने माती सोडून रोजी धरली, तो परंपरेचा ऱ्हास ठरला. ‘मनाचं ऐका, नोकरी सोडा, आवड जगा’ असा उपदेश आजकाल आपल्याला जागोजागी केला जातो. तो ऐकताना मला चिनहटच्या या दोन गल्ल्या दिसतात.

हा प्रश्न मला दुरून पडलेला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावात हलगी वाजवायचे. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, निरोप आला की जायचं. ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. शेकोटीवर हलगी शेकायची आणि दुसऱ्याच्या दारात रात्र काढायची. मोबदला किती, हे वाजवणारा ठरवत नसे. देणाऱ्याच्या मनाला येईल ते सुपात पडायचं. मला कॉलेजात घालताना आबांच्या मनात एकच गोष्ट होती : या पोराच्या खांद्यावर हलगी नको.

आणि मला हलगी आवडते. नुसती आवडत नाही, मला तीच करायची आहे. ताल मला रात्री झोपू देत नाहीत. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात मी हलगी वाजवली, तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठून नाचले आणि दुसऱ्या दिवशी तिघांनी सांगितलं, ‘अरे, तू नोकरीत काय करतोस? सोड आणि हेच कर.’ मी घरी फोन करून ते सांगितलं. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘जी सुटावी म्हणून तुला शिकवलं, ती पैसे भरून पुन्हा खांद्याला अडकवतोस व्हय?’

या प्रश्नाचं उत्तर मला बाबासाहेबांकडे सापडलं. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना भाषणासाठी बोलावलं आणि भाषणातला मजकूर झेपेना म्हणून अधिवेशनच रद्द केलं. त्या मंडळाचे संतराम बी. ए. जन्माने कुंभारच. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, तेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. त्यात त्यांनी दाखवून दिलं, की जात कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी करते. माणसाचा कल, आवड, कुवत यांना तिथे काही किंमत नसते. काम जन्माआधीच ठरलेलं असतं. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, ते काम चांगलं कसं होणार, असा त्यांचा सवाल होता.

म्हणजे ज्याला आज ‘पॅशन’ म्हणतात, त्याचा हक्क आपल्याकडे बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी मागितला होता. आवडीचं काम निवडणं ही श्रीमंतांची चैन आहे, असं मी म्हणणार नाही. ती आपली जुनी थकबाकी आहे. आबांची हलगी आणि मला हवी असलेली हलगी यांत फरक आहे तो दोन गोष्टींचा : ‘नाही’ म्हणता येणं आणि मोल ठरवता येणं. या दोन गोष्टी हातात असतील तर मी कलावंत. नसतील तर कोट घातलेला बलुतेदार.

आता उपदेश करणाऱ्यांकडे वळू. ते सांगतात, हिंमत करा. हिंमतीचा आपल्याला तुटवडा कधी होता? ज्या घरात कुणी दहावी झालं नव्हतं, त्या घरातून इंग्रजीतली मुलाखत देऊन कंपनीत शिरायला कमी हिंमत लागते का? प्रश्न पडल्यावर झेलणारं कोण, हा आहे. स्टुडिओवाल्या बाईंचा स्टुडिओ उद्या बंद पडला, तर बंगला राहील, वडिलांचं पेन्शन राहील, ओळखीच्या जोरावर दुसरी नोकरीही मिळेल. माझ्याकडे काय राहील? कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-आबांची नावं आहेत. राजीनाम्याबरोबर तो विमा जातो. बहिणीची फी, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, गावातल्या घराचं अर्धं राहिलेलं छत या सगळ्यांना माझ्या एका पगाराने तोलून धरलं आहे. त्यांचा राजीनामा एका माणसाचा असतो, आपला राजीनामा अख्ख्या घराचा असतो.

‘नाही जमलं तर परत नोकरी धर,’ असंही सांगतात. परतीचं दार सगळ्यांना सारखं उघडतं, असं गृहीत धरलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले होते. फरक होता तो नावाआडनावाचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. त्यात आपल्या बायोडेटावर दोन वर्षांची पोकळी असेल, तर सवर्णाच्या पोकळीला ‘स्वतःचा शोध’ म्हणतील आणि आपल्या पोकळीला ‘मेरिट नव्हतं’ म्हणतील.

आणि ज्यांची उदाहरणं आपल्या तोंडावर फेकली जातात, त्यांनी तरी डोळे मिटून उडी मारली होती का? चेतन भगत यांचं पहिलं पुस्तक २००४ मध्ये आलं, बँकेतली नोकरी त्यांनी सोडली २००९ मध्ये, तीही पुस्तकं तुफान खपल्यानंतर. अमिश त्रिपाठी यांचं पहिलं पुस्तक २०१० मध्ये आलं. पुस्तकाचं मानधन पगारापेक्षा जास्त येऊ लागल्यावर त्यांनी नोकरी सोडली, असं ते स्वतः सांगतात. दोघेही आयआयएममधून शिकलेले. त्यांनी हिशेब केला आणि आपल्यापर्यंत गोष्ट आली ती फक्त धाडसाची.

आपल्या इतिहासातला राजीनामा पाहायचा तर १९२० चा पाहा. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार महिना ४५० रुपये, त्या काळात भक्कम. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. ते कलेसाठी नव्हतं, विद्येसाठी होतं, पण मनाची ओढ तीच. सोडण्याआधी सुमारे सव्वा वर्ष ते परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत काटकसरीने राहिले आणि पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं. आणि मागे घर रमाईंनी चालवलं. त्या राजीनाम्याची किंमत कुणी मोजली हे सांगताना रमाईंचं नाव आधी घ्यायला हवं. घरातल्या बाईच्या पोटाला चिमटा देऊन आपण आपली आवड जगणार असू, तर तिला विचारल्याशिवाय तसं करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नोकरीत राहिला तो कलेला मुकला, हा आणखी एक खोटा प्रचार. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, तेव्हा ते नोकरदारच होते. कवी त्र्यंबक सपकाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. उर्मिला पवार सरकारी नोकरी आणि घर सांभाळून कथा लिहीत होत्या. त्याच काळात मीनाक्षी मून यांच्यासोबत फिरून त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास गोळा केला, ‘आम्हीही इतिहास घडवला’. पुढे आईच्या बांबूच्या विणकामाचंच नाव त्यांनी आत्मकथेला दिलं, ‘आयदान’. दलित साहित्याचा मोठा भाग असा रात्री, रविवारी, ड्युटी संपल्यावर लिहिला गेला. पगाराने या लोकांना एक ताकद दिली : प्रकाशकाला किंवा कुठल्या धन्याला न आवडणारं लिहिण्याची.

मग काय, जन्मभर नोकरीच करायची? नाही. मला नोकरी सोडायचीच आहे. म्हणूनच आता आपल्याच लोकांशी भांडायला हवं.

अण्णा भाऊ साठेंनी ‘फकिरा’ लिहिली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून माणसं उभी केली. त्यांचं आयुष्य चिरागनगरच्या झोपडपट्टीत गेलं आणि १९६९ मध्ये ते हलाखीतच वारले. नंतर टपाल तिकीट निघालं, मॉस्कोत पुतळा उभा राहिला. जिवंतपणी पोट भरेल एवढं मानधन मात्र आपण देऊ शकलो नाही. आजही काय वेगळं आहे? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मिळते आणि शाहिराला शाल-श्रीफळ. चित्रकाराला सांगतात, ‘बॅनर समाजासाठी आहे, पैशाचं काय काढतोस?’ मलाही असे फोन येतात. लखनौत राहणाऱ्या आपल्याच एका मंडळाने मला रात्रभर वाजवायला बोलावलं आणि मोबदला विचारल्यावर म्हणाले, ‘तू तर कंपनीत आहेस, तुला कशाला पैसे?’ आबांना गावच्या पाटलाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. निळ्या झेंड्याखाली फुकट वाजवून घेतलं, म्हणून बलुतं बदलत नाही.

आपल्यातले हजारो लोक आता पगारदार आहेत. मंडळांनी खर्चाच्या यादीत कलावंताचं मानधन डीजेच्या आधी लिहावं. पगारदारांनी आपल्या माणसाचं पुस्तक विकत घ्यावं, त्याच्याकडून भेट मागू नये. चारपाच मित्रांनी मिळून एखाद्या होतकरू मुलीचा वर्षाचा घरखर्च उचलावा. एका नवल भथेनाने १९२० मध्ये जे केलं, ते आपण मिळून करू शकत नाही का? सवर्णाला झेलायला त्याचं घराणं असतं. आपल्याला झेलायला चळवळ हवी, आणि ज्या चळवळीला ते करायचं नसेल तिने ‘आमच्यातून कलावंत का निघत नाहीत’ असं रडू नये.

माझा हिशेब मी मांडला आहे. आई-आबांचा स्वतंत्र आरोग्य विमा काढायचा. बहिणीचं शेवटचं वर्ष होऊ द्यायचं. कर्ज फेडायचं आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवायचा. त्यानंतर राजीनामा, केक असो वा नसो. तोवर शनिवार-रविवार माझे, आणि फुकट एकही थाप नाही. हा हिशेब भित्रेपणाचा वाटत असेल त्यांनी आधी आपल्या घराची मिळकत सांगावी, मग बोलू.

गेल्या महिन्यात पहिला कार्यक्रम पैसे ठरवून घेतला. आबांना फोन केला. मला वाटलं, पुन्हा गप्प बसतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘वाजवायच्या आधी ठरवलेस का नंतर?’

मी म्हणालो, ‘आधी.’

‘मग वाजव,’ आबा म्हणाले.