एका व्यसनामागे दुसरे

श्रावकाने त्यागावयाच्या सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते. मद्यही त्याच सातांत आहे. ही व्यसने एकत्र का सांगितली असावीत, याचा प्रत्यय आधुनिक वैद्यकही देते.

अमेरिकेत २००१-०२ मध्ये ४३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. जुगाराचे व्यसन आजाराच्या थरास गेलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा मद्याचा, तर ३८ टक्क्यांना अमली पदार्थांचा विकार जडलेला आढळला. २०१३ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराला व्यसनविकारांच्या वर्गात घेतले. मद्यपी मात्रा वाढवतो, जुगारी डावाची रक्कम. आणि दोघेही थांबले की अस्वस्थ, चिडचिडे होतात. मद्याने विवेक सैलावतो व डाव वाढतो. हरल्याची बोच बुजवण्यासाठी पुन्हा मद्य जवळ केले जाते.

व्यापारी घरांत असे प्रकरण उघडकीस येते ते बहुधा देण्याच्या रूपाने. पेढीची अब्रू राखण्यासाठी वडीलधारी माणसे गुपचूप रक्कम भरून मोकळी होतात. पण अशा भरण्याने रोग जात नाही. उलट सावकाराच्या लेखी त्या व्यक्तीची पत पुन्हा उभी राहते. म्हणून देणे फेडणे आणि उपचार ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू व्हावीत. रक्कम व्यसनी व्यक्तीच्या हाती न देता थेट देणेकऱ्यास द्यावी, तिचा लेखी हिशेब ठेवावा आणि पेढीच्या खात्यांवर एकट्याऐवजी दोघांच्या सह्या ठेवाव्यात.

तज्ज्ञाकडे जाताना लाजेपोटी एक व्यसन सांगून दुसरे झाकू नये. अर्धवट माहितीवरचा उपचार अर्धाच राहतो. काही घरांत महाराजांसमोर तत्काळ त्यागाचा नियम घेण्याचा आग्रह होतो. नियमाचे बळ मोठेच आहे. तथापि दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. तेव्हा नियमासोबत वैद्यांची देखरेख हवीच. कर्जाच्या ओझ्याखाली जीव देण्याची भाषा कानी पडल्यास क्षणाचाही विलंब न करता त्या व्यक्तीस एकटे न सोडता रुग्णालय गाठावे. शासनाची ‘टेली मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

अब्रू पुन्हा मिळवता येते. गेलेला माणूस परत येत नाही.