कुंचल्यांचा बाजार

संगणकावर चित्रें रंगविणाऱ्या तरुण मंडळींत एक विलक्षण समजूत बळावली आहे. चित्र साधलें नाहीं कीं दोष साधनाचा! मग नवे डिजिटल कुंचले विकत घ्यावयाचे, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर वडिलांपाशीं अधिक महाग टॅब्लेटचा हट्ट धरावयाचा. 'नाचतां येईना, अंगण वांकडें' म्हणतात तें याहून निराळें काय?

याच मंडळींस एखादा जाणता चित्रकार फुकट सांगतो, 'चित्र आडवें उलटवून पहा'; तेव्हां मात्र नाकें मुरडलीं जातात. इतकी साधी गोष्ट ती काय कलेची किल्ली असणार! आम्ही विचारतों, कां नसावी? तासन्‌तास एकच चित्र पाहून डोळा त्यांतील व्यंगास सरावतो. तेंच उलटें होतांच परकें वाटूं लागतें, आणि तिरपा जबडा, खालींवर झालेले डोळे लपत नाहींत. ही युक्ति कालपरवांची नव्हे. इटलींतील आल्बेर्ती यानें १४३५ सालच्या आपल्या ग्रंथांत चित्र आरशांत पाहण्यास सांगितलें आहे. आरशाचें काम आतां एका कळीनें होतें, एवढाच फरक.

दुसरा सल्ला असा कीं, रंग क्षणभर काढून चित्र केवळ करड्या छटांत पहावें. तेथें माणूस मागच्या भिंतींत विरघळला, तर रंग कितीही झगझगीत असोत, चित्र फसलें. सा. ल. हळदणकरांचें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील जलरंगचित्र आठवावें. हातीं दिवा घेतलेल्या त्या स्त्रीच्या मुखावरील उजेड भोवतालचा काळोख नेमका तोलल्यामुळें पडला आहे. तो कोणास विकत मिळत नाहीं.

कोणी म्हणतील, अशा सूचनांनीं प्रतिभा येत नाहीं. खरें आहे, पण ती कुंचल्यांच्या संचानें येते काय? सूचना निदान चूक दाखविते. संच ती झांकतो. खरबरीत पोताखालीं कच्चें रेखन लपतें, आणि लपलेली चूक पुढच्या चित्रांतही तशीच उतरते. पैसा जातो तो जातोच. पण उमेदीचीं वर्षें जातात, आणि अखेर 'आपल्या अंगीं कलाच नाहीं' असें समजून मूल लेखणी खालीं ठेवतें. खरें नुकसान तें हें.

म्हणून पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पुढचा हट्ट पुरविण्यापूर्वीं मुलास त्याचें चित्र दोन चित्रकारांस दाखवावयास सांगावें. त्यांचे बोल त्यानें आठ-दहा चित्रांत गिरवून पहावे. मग खुशाल बाजाराची वाट धरावी. तोंवर काय घ्यावयाचें नाहीं, हें त्याचें त्यालाच कळलेलें असेल.