लहान पक्षाला दिलेले मत वाया जाते काय?

गिरणीकामगार भावांनो,

निवडणूक आली की पाळी सुटताना फाटकावर एक बोलणे हटकून कानी येते. "लहान पक्षाला मत देऊन वाया कशापायी घालवता? निवडून येणार त्याच्या मागं चला." असे बोलणाऱ्यापुढे आम्ही सातारा-सांगलीचा हिशेब मांडतो.

१९४३ ते १९४६ मध्ये नाना पाटलांच्या प्रतिसरकारात ज्यांनी रान तुडवले ती शेतकऱ्यांचीच पोरे. सांगली तेव्हा सातारा जिल्ह्यातच होती. स्वराज्य आले, पण कसणाऱ्याच्या जमिनीचे काय, राबणाऱ्याच्या मजुरीचे काय, याला उत्तर मिळेना. म्हणून केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील या मंडळींनी काँग्रेसमध्येच संघ काढला. पक्षात पक्ष चालणार नाही असे काँग्रेसने ठरवल्यावर १९४८ मध्ये हे लोक बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष वेगळा उभा राहिला.

१९५२ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत काँग्रेसला २६९ जागा आणि शेकापला १४. हसण्याजोगाच आकडा! त्यातून १९५४ मध्ये जेधेच काँग्रेसमध्ये परतले. नाना पाटलांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती, पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. घरचा कर्ताच उंबऱ्याबाहेर पडला तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचे? आमची आणखी एक तक्रार आहे, ती झाकून ठेवणार नाही. पक्षाच्या नावात कामगार होता, पण मुंबईच्या गिरणगावात त्याने मूळ धरले नाही. तिथे जोर लाल बावट्याचा. एकाच घरातला थोरला परळला लाल बावट्याखाली, धाकटा वाळव्याला शेकापच्या सभेत, अशी आमची वाटणी होती.

ती वाटणी मिटली १९५६ च्या फेब्रुवारीत. संयुक्त महाराष्ट्र समिती झाली आणि लहान लहान पक्ष एका दावणीला आले. १९५७ मध्ये काय झाले ते बघा. साताऱ्यातून नाना पाटील लोकसभेवर, मिरजेतून शेकापचे बाळासाहेब पाटील लोकसभेवर. कराडात खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण शेकापच्या केशवराव पवारांपुढे थोडक्या मतांनी तरले. विधानसभेत शेकापचे १४ चे ३१ झाले. या धसक्यावाचून १ मे १९६० उजाडला असता, असे आम्हांला वाटत नाही.

आणि राज्य मिळताच पुन्हा ज्याची त्याची चूल वेगळी! १९६२ मध्ये काँग्रेसला २१५ जागा, शेकापला १५. माणसे तीच, गावेही तीच.

सगळेच पांगले नाहीत. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील २०२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत शेकापचेच राहिले आणि सीमाभागासाठी उभे राहिले. पण त्याच सीमाभागात काय चालले आहे? महाराष्ट्र एकीकरण समितीला २०१३ मध्ये कर्नाटक विधानसभेत २ जागा होत्या. २०१८ मध्ये समितीचे दोन गट एकमेकांविरुद्ध लढले, जागा शून्य. २०२३ मध्येही शून्यच.

तेव्हा पुढाऱ्यांनो, मत मागायला फाटकावर जरूर या. फक्त मराठी माणसाविरुद्ध मराठी माणूस उभा करायला कुणी सांगितले, त्याचे उत्तर घेऊन या. पाळी सुटायच्या वेळी आम्ही सगळे तिथेच असतो.