वकीलसाहेब, टॅली द्या!

गोदीत एक गोण कमी भरली तर टॅलीवाला बोंब ठोकतो. माझ्या मामाच्या अपघात-भरपाईतले निम्मे पैसे गेले, तेव्हा कुणी ब्रसुद्धा काढला नाही. ट्रकनं त्याचा पाय नेला. वकिलानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, अन् चेक वटल्यावर म्हणाला, 'निम्मे माझे. ठरलंच होतं तसं.' मी दहावी पास भाचा, रातभर कविता लिहिणारा. तो कागद मी वाचायला मागितला नाही. हा गुन्हा माझाच.

आता वाचलंय. दोस्तांनो, तुम्हीही वाचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९७५ च्या नियमांतला विसावा नियम सांगतो : निकालावर फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही. पंचविसावा : अशिलाच्या पैशाचा तारीखवार हिशेब ठेवायचा. सत्ताविसावा : त्याचा पैसा हातात आला की लवकरात लवकर कळवायचं. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं अशाच अपघाताच्या प्रकरणात टक्केवारीची फी गैरवर्तन ठरवली. फी थकली म्हणून फाइल दाबून ठेवता येत नाही, हेही त्याच कोर्टानं २००० साली सांगितलंय.

वकिलाच्या मेहनतीचं दाम द्यायला आमची ना नाही. आम्हीही घामच विकतो. पण दर आधी ठरू द्या, कागदावर; अन् पावती मागा. हिशेब दिला नाही तर राज्याच्या बार कौन्सिलकडं अर्ज टाका. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याचं ३५ वं कलम त्यासाठीच आहे.

एकलव्यानं एकदा अंगठा दिला. तेवढा पुरे.