आजीच्या तव्यावर स्टेक

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एकाने साडेतीन हजार रुपये मोजून 'स्किलेट' मागवलं. खोकं उघडायला आम्ही पाच जण त्याच्या घरी हजर! आतून निघालं एक काळंकुट्ट, जड, दांडा असलेलं भांडं. सगळ्यांनी आळीपाळीने हातात घेऊन पाहिलं, 'वॉव' वगैरे झालं. रात्री जेवताना मी घरी त्याचं वर्णन करत होतो. कास्ट आयर्नचं असतं, साबण लावायचा नाही, तेल पुसून ठेवायचं, जितकं वापरू तितकं सुधारतं... आजी शांतपणे भात कालवत होती. म्हणाली, "म्हणजे बिडाचा तवा की रे."

मी विचारलं, "बीड? मराठवाड्यातलं?"

त्यावर घरात जे हसू फुटलं ते अजून थांबलेलं नाही.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, या सबबीवर मी बऱ्याच गोष्टींतून सुटतो. पण हे जरा लागलं. मी मेकॅनिकलला आहे. आयर्न-कार्बन डायग्राम मला झोपेतून उठवलं तरी काढता येते. दोन टक्क्यांहून जास्त कार्बन म्हणजे कास्ट आयर्न, त्यातल्या ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, म्हणून ते ठिसूळ, हे लिहून मी मार्क मिळवले आहेत. त्याच धातूच्या तव्यावरचे घावन लहानपणी खाल्ले, आणि त्याला आपल्या भाषेत बीड म्हणतात हे मला विसाव्या वर्षी कळलं! घरात नॉनस्टिक आल्यावर तो तवा माळ्यावर गेला, तो गेलाच.

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ होतं. स्टेक करायचाय? जरूर करा. पण स्किलेट विकत घेऊ नका, आधी माळा बघा. ('होतं' असं का लिहिलं ते पुढे येईलच.)

स्टेकचं सगळं गणित पहिल्या मिनिटाचं आहे. थंड मांस पडलं की तवा गार होतो. मांसाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि ज्या खमंग तपकिरी थरासाठी हा सगळा आटापिटा, तो साधारण १४० अंशांच्या पुढेच नीट धरतो. या क्रियेला मेयार रिअॅक्शन म्हणतात. लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १९१२ मध्ये मांडली. भाकरीवरचे डाग, पावाची कड, सगळी तीच भानगड. म्हणून मांस आधी टिपून कोरडं करायचं, आणि तवा असा हवा की मांस पडलं तरी त्याची धग उतरू नये.

आजीचा तवा मी काट्यावर ठेवला. साडेतीन किलो! ३० अंशांवरून २५० अंशांवर नेला, तर त्यात अंदाजे ३५० किलोज्यूल उष्णता साठते. आमचा अॅल्युमिनियमचा नॉनस्टिक पॅन ६०० ग्रॅमचा. अॅल्युमिनियमची स्पेसिफिक हीट बिडाच्या जवळजवळ दुप्पट, तरी हिशेब १२० किलोज्यूलच्या आसपासच थांबतो. शिवाय नॉनस्टिकचा लेप २६० अंशांपुढे खराब व्हायला लागतो, म्हणजे इथे त्याला बादच समजा. बिडाचा दोष एकच, उष्णता त्यातून हळू पसरते. मोठ्या आचेवर घाई केलीत तर मध्ये वणवा आणि कडेला गारठा. मध्यम आचेवर पूर्ण दहा मिनिटं द्यावी लागतात. आणि हो, 'मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही समजूत पसरवली, ती केव्हाच खोटी ठरली आहे. रस सुटतोच, मोठी आच असते ती चवीसाठी.

माळ्यावरून काढला तेव्हा तवा गंजलेला होता. जाड मीठ आणि काथ्याने घासला. मग आजीने अर्धा कांदा सुरीला टोचला, तेलात बुडवून तव्यावर फिरवला, धूर निघेपर्यंत तापवला, पुन्हा फिरवला. असं चार-पाच वेळा. यात घडतं काय, तर तेलाचा पातळ थर तापून पॉलिमर बनतो आणि धातूला घट्ट चिकटून बसतो. आजीच्या तोंडी 'पॉलिमर' शब्द नाही. ती म्हणते, "तवा तेल प्यायला पाहिजे."

बीड आपल्याकडे नवं नाही, एवढंच इथे नोंदवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच नांगरांच्या जोरावर.

आता मांसाचं बघू. व्हिडिओत दिसतो तो स्टेक गोमांसाचा. आपल्याकडे गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासूनच आहे. १९९५ मध्ये विधिमंडळाने त्यात बैल आणि वळूही घातले, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली थेट २०१५ मध्ये. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस-रेडा या बंदीत येत नाहीत. तेव्हा मुंबईत घरी केलेला स्टेक म्हणजे म्हशीचा 'अंडरकट', आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. तरीही आपण त्याबद्दल कुजबुजत बोलतो, मांस काळ्या पिशवीत गुंडाळून आणतो. मला हे पटत नाही. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, पण ज्याला खायचं आहे त्याने चोरासारखं का वागावं?

हे असं ठणकावून लिहिणारा मी, आजीला मात्र एवढंच म्हणालो, "मित्राकडे काहीतरी करायचंय, तवा नेतो." आम्ही मालवणकडचे, मटण-मासे सगळं चालतं. 'ते' चालत नाही.

मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. स्कॅनरच्या पडद्यावर माझ्या सॅकमध्ये एक भलामोठा काळा गोळा दिसला. गार्डने सॅक उघडायला लावली, तवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता जाऊ दिलं.

मित्र मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन. नाव ऐकून गोंधळू नका, ही मंडळी इथलीच. मुंबई, साष्टी, वसईचे मूळ ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, अधिकृतपणे घेतलं. त्याच्या घरात मराठीच बोलतात, आणि माझ्यापेक्षा बरी. त्याच्या आजीने मला दोन गोष्टी सांगितल्या. सकाळी आणलेलं अंडरकट त्याच दिवशी करायचं नाही, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं, नाहीतर चिवट लागतं. आणि कापताना रेषांच्या आडवं कापायचं. (परदेशात मांस काही आठवडे मुरवून मगच विकतात. आपल्याकडे ते काम घरच्या फ्रीजवर येतं.)

दीड इंच जाडीचे दोन तुकडे, तासभर आधी मीठ, प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. मग लोणी, ठेचलेला लसूण, आणि ते लोणी चमच्याने वरून ओतत राहायचं. तवा मधोमध खोलगट, त्यामुळे सगळं लोणी मध्ये जमत होतं आणि तुकड्यांच्या कडा फिक्या राहत होत्या. इथे स्किलेटचा सपाट तळ जिंकतो, मान्य! म्हशीच्या अंडरकटमध्ये चरबी कमी, म्हणून आतून गुलाबी असतानाच काढावं, नाहीतर चप्पल. पाच मिनिटं तसंच ठेवून कापलं. थर चॉकलेटी, आत मऊ. आम्ही तिघांनी उभ्याउभ्या संपवलं.

घरी परतताना मेट्रोत मी मनातल्या मनात आजीला उत्तर तयार करत होतो. तवा म्हणजे नुसता धातू, २५० अंशांवर काय शिल्लक राहणार, गरम पाण्याने धुतला की संपलं. आणि मग माझंच सायन्स माझ्यावर उलटलं. तवा तेल पितो, जे शिजवू त्याची चरबी त्या थरात मिसळते आणि तिथेच राहते, हेच तर मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो! म्हणजे आता आजीच्या घावनाच्या तव्यात 'ते' होतं, आणि धुऊन जाणार नव्हतं.

मी तिला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "आधी विचारायचं होतंस," एवढंच म्हणाली. त्या रविवारी तिने घावन नॉनस्टिकवर घातले. कागदासारखे झाले, जाळी पडलीच नाही. तवा तिने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलाखाली ठेवला. "हा आता तुझा."

म्हणून माझं मत मी बदललंय. माळा जरूर बघा, पण तवा कोणाचा आहे आणि त्यावर काय व्हायचं ते आधी विचारा. 'नाही' म्हणाले तर दुसरा घ्या. मुलुंडच्या बाजारात मला साध्या बिडाचा तवा साडेसातशेला मिळाला, म्हणजे स्किलेटसाठी साडेतीन हजार तेव्हाही घालवू नका. हा नवा तवा आजीसाठी. मीच घासला, कांदा फिरवला, पाच वेळा धूर काढला. त्यावरचे पहिले चार घावन चिकटून फाटले. पाचवा कसाबसा सुटला, तो आजीने माझ्या ताटात वाढला. म्हणाली, अजून सहा महिने तरी लागतील.