फराहबागेला ताजची शिफारस कशाला?

फराहबाग पाहिलीय का, असं कुणालाही विचारा. ‘तीच ना, जिच्यावरून म्हणे ताजमहाल सुचला?’ असं उत्तर हमखास येतं. असेल-नसेल! पण आपल्या अहिल्यानगरच्या वास्तूला आग्र्याची शिफारस लागावी?

मूर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल तलावाच्या मधोमध बांधला. मधल्या दालनावर घुमट, बाहेर उंच कमानी. या सगळ्यांपेक्षा भारी काय, तर पाणी! आपला भाग पर्जन्यछायेतला. तरी निजामशाहीने लांबच्या विहिरींचं पाणी खापरी नळांतून शहरात आणि बागांत खेळवलं. ना वीज, ना पंप. सगळा खेळ जमिनीच्या उताराचा. टँकरची वाट बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट ताजपेक्षा जवळची वाटायला हवी.

आज तलाव कोरडा आहे, त्यामुळे महाल अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा पाण्यातल्या प्रतिबिंबात होता.

तिथे रील जरूर करा, पण भिंतीवर बदाम कोरू नका. आणि घराचा पाया खणताना जुन्या खापरी नळाचा तुकडा निघाला, तर तो मलब्यात टाकू नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला कळवा. महाल पाहायला कुणीही येईल. त्याच्या पाण्याची वाट मात्र आपल्याच अंगणाखालून जाते. ती आपणच जपायची.